टिटवीचा चोरकप्पा

"ओपेल कंपनी मोटारी बनवण्याआधी काय बनवायची?"

"शिलाई मशिनं!"

"प्यूजो?"

"कॉफी दळायची यंत्रं. शिवाय करवती आणि छत्र्यांच्या काड्या!"

"आणि टोयोटाचं मूळ कशात आहे?"

"...थांब हं... यंत्रमागात!"

"अरे ब्रेक, किती थांबतोस! पाहुणे काय तुझ्या उत्तराची वाट बघत मुक्काम करणार आहेत?"

ओट्यावर जोरदार शिकवणी चालली होती. उद्या कारखान्याच्या मोटार संग्रहालयाचं उद्घाटन होतं आणि सुट्टीत उंडारणाऱ्या मुलांना पाहुण्यांना माहिती सांगायचं काम मिळालं होतं. काम कसलं, मानच तो!

या वसाहतीत प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मोटार कारखान्यात होतं. त्यामुळे मुलांना टोपणनावंसुद्धा तिथलीच मिळत. शिकवणी घेणारी ती हॉर्न. ती बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेत. दोन वेण्या घातलेली, सारखी बोट दाखवणारी ती तिची धाकटी बहीण, इंडिकेटर. आधी बोट, मग शब्द, हा तिचा नियम. आणि शेजारचा मुलगा ब्रेक. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरसुद्धा खाली वाकून बघायचा. चेष्टा सगळे करत, पण त्याच्यामुळे तिघांचा मार किती वेळा वाचला होता, हे फक्त त्या तिघांनाच ठाऊक होतं.

"आता आपल्या कारखान्याचं," हॉर्नने घसा साफ केला. "मंडळी! हीच ती आपली पहिली मोटार, टिटवी! हिच्यानंतर आली खंड्या, मग सामान वाहणारी घार! पण पहिला मान हिचा! हा झळझळीत लाल रंग—"

"लाल?" आतून आवाज आला. "लाल कोणी सांगितलं तुला?"

हॉर्नची आजी हात पुसत दारात आली. कारखान्याच्या रंगखात्यात काम केलेली ती पहिली बाई. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजूनही नवी मोटार दिसली की आजी आधी रंग बघायची आणि मग आत कोण बसलंय ते.

"पॉलिशसाहेबांनी सांगितलं, आजी. संग्रहालयात उभीच आहे ना ती!"

"ती उभी आहे ती दुसरी. पहिली टिटवी कपाटाच्या रंगाची होती. मी स्वतः रंगवलीय, या हातांनी!"

"कपाटाच्या?" तिघं एकदम ओरडले.

"मग! ओपेलवाले शिलाई मशिनं करायचे हे पाठ केलंत. तुमच्या घरच्या कारखान्यात काय बनायचं ते नाही विचारलंत! आम्ही लोखंडी कपाटं बनवायचो. एक दिवस मोठ्या मालकांनी सांगितलं, आता मोटार करायची. आम्हाला कुठे येत होती मोटार? पत्रा ठोकता यायचा, दारं बसवता यायची, कुलपं करता यायची. तेवढ्यावर केली! मोटारीचा वेगळा रंग कुठून आणणार? कपाटाचाच करडा-हिरवा रंग मारला."

सांगताना आजीची मान ताठ झाली होती. एरवी गुडघ्याला हात लावल्याशिवाय न उठणारी आजी चांगली कपाटाएवढी उंच झाल्यासारखी वाटत होती.

"मग ती लाल गाडी पहिली कशी झाली?" ब्रेकने विचारलं.

"पहिल्याच फेरीत आमच्या ड्रायव्हरने टिटवी नेऊन घातली कॅन्टीनच्या भिंतीत! समोरून चेपली. प्रदर्शन तोंडावर आलेलं. मग तिच्यावरची एक हा आकडा कोरलेली पितळी पट्टी काढली आणि दुसऱ्या गाडीवर ठोकली. दुसरी गेली प्रदर्शनात, तिचे फोटो निघाले, तीच पहिली झाली. खरी पहिली बिचारी कॅन्टीनचे जेवणाचे डबे वाहत राहिली. सगळे तिला डबागाडी म्हणायला लागले."

"आजी, हे तू पॉलिशसाहेबांना सांग ना!"

"सांगितलं." आजी कोरडे हात पुन्हा पुसू लागली. "ते म्हणाले, आजी, तुमचं वय झालं, होतो घोटाळा. सावलीत बसा, चहा घ्या." तिने पदराने उगाचच डोळ्यांचा कोपरा टिपला. "त्या वेळची आमच्यातली बाकी कोणी राहिली नाहीत. मी एकटी काय सांगू? म्हणून मी उद्या येणार नाही. दुसऱ्याच गाडीसमोर उभं राहून टाळ्या वाजवायला मला जमायचं नाही."

आजी आत गेली. ओट्यावर इतकी शांतता पसरली की शेजारच्यांनी खिडकी उघडून हॉर्नला बरं आहे ना ते बघितलं.

"आजीला घोटाळा?" हॉर्न उसळली. "तिला आपली गेल्या वर्षीची प्रगतीपुस्तकंसुद्धा पाठ आहेत! चला!"

"कुठे?" ब्रेक.

"पुरावा शोधायला!"

संग्रहालय कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे होतं. आत लाल टिटवी दिमाखात उभी होती आणि पॉलिशसाहेब हातात फडकं घेऊन तिच्याभोवती फिरत होते. संग्रहालयाचे हे प्रमुख तसे माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त जे चकाकतं तेच खरं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"साहेब, हिचा आधीचा रंग कोणता होता?" हॉर्नने शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं. म्हणजे छतावरचं कबूतर उडालं, एवढंच.

"लालच असणार! जुना फोटो बघितलाय मी."

"फोटो काळा-पांढरा आहे," ब्रेक भिंतीकडे बघत म्हणाला.

"हो, पण त्यातला गडदपणा लालच वाटतो ना! आणि हे बघ, पितळी पट्टी. एक आकडा! आणखी काय पाहिजे?" साहेबांनी पट्टीवरून फडकं फिरवलं. "उगाच आजींचं ऐकून डोकं शिणवू नका."

इंडिकेटर मघापासून गाडीच्या आत डोकं घालून बसली होती. तिने बोट दाखवलं. "दीदी, हिला तो नाहीये."

"तो म्हणजे कोण?"

"काही नाही," म्हणून इंडिकेटरने तोंड मिटलं. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं खरं, पण ते ऐकायला वेळ कोणाला होता?

"साहेब, आणि ती डबागाडी?" ब्रेकने विचारलं. "ती कुठे असते?"

"ते कारखान्याच्या मागच्या आवारातलं भंगार? जातंय आज! ट्रक आलाय. उद्या पाहुण्यांच्या नजरेला तसलं काही पडायला नको. थेट दाबयंत्रात, तिथून भट्टीत!"

पुढचं ऐकायला तिघं जागेवर होतेच कुठे!

मागच्या आवारात गवत कमरेएवढं वाढलं होतं. मोडक्या गाड्या, गंजलेली चाकं, फुटके दिवे! क्रेनच्या साखळीला एक गाडी आधीच लटकत होती. आणि कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, पिवळी डबागाडी उभी होती. तिचं नाक चेपलेलं होतं.

"चेपलंय! कॅन्टीनची भिंत!" हॉर्न किंचाळली.

"कोणतीही गाडी चेपते," ब्रेक म्हणाला. "रंग बघू."

त्याने खिशातून नाणं काढलं आणि दाराच्या खालच्या कडेला, पोपडे सुटले होते तिथे हळूच खरवडलं. पिवळ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली पांढरा. हॉर्नचा जीव नुसता वरखाली होत होता. "जोरात घास ना!" "जोरात घासलं तर खालचा थरही जाईल!" ब्रेक तसाच हळूहळू खरवडत राहिला. आणि पांढऱ्याखालून निघाला करडा-हिरवा. अगदी त्यांच्या घरातल्या कपाटाचा!

इंडिकेटरने बोट दाखवलं. समोरच्या पत्र्यावर चार बारीक भोकं होती. पट्टी काढल्यावर राहतात तशी.

"ए पोरांनो, बाजूला व्हा!" ट्रकवाला दादा ओरडला. "ही शेवटची. उचलायचीय."

"दादा, ही नेऊ नका! ही आमची पहिली मोटार आहे!"

"माझी पण पहिली गाडी अशीच होती, चेपलेली," ट्रकवाला हसला. "साहेबांनी सांगितलंय, सगळं न्यायचं. चला, हटा."

साखळी खडखडली. डबागाडी जमिनीवरून उचलली गेली तेव्हा हॉर्नला पहिल्यांदाच काय बोलावं ते सुचेना. पाहता पाहता गाडी ट्रकवर चढली. ट्रक सुरू झाला.

"मी आजीला आणते!" हॉर्न म्हणाली. "पण तोवर हा ट्रक..."

"फाटक!" ब्रेक एकदम म्हणाला. चक्क न थांबता! "तू जा आजीकडे. फाटकाचं मी बघतो!"

ब्रेकचे काका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. मिशा भरघोस, बूट चकचकीत, आणि नियम म्हणजे नियम. ब्रेक ट्रकच्या आधी धापा टाकत तिथे पोचला.

"काका! आपल्या फाटकाचा जुना नियम कोणता?"

"कोणता म्हणजे? इथे बनलेली गाडी हॉर्न वाजवल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही! पहिल्या दिवसापासूनची रीत आहे. एकही गाडी मुकी बाहेर सोडली नाही मी."

"भंगारातली असली तरी?"

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "नियमात भंगार असं कुठे म्हटलंय? इथे बनली ना?"

"बनली!"

"मग संपलं!" आणि काकांनी आडवा दांडा खाली केला.

ट्रक करकचून थांबला. "काय झालं आता?"

"वरच्या गाड्या इथल्या आहेत. प्रत्येकीचा हॉर्न वाजवून दाखवा."

ट्रकवाल्याने आपला भोंगा दणदणीत वाजवला. "घ्या हॉर्न!"

"हा तुमच्या ट्रकचा झाला. गाडीचा पाहिजे."

"अहो, त्यांना चाकं नाहीत धड, हॉर्न कुठला वाजणार?"

"मग ठीक करा. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे," काका खुर्चीत बसत म्हणाले.

ट्रकवाल्याने कपाळावर हात मारला. फोन गेले. पॉलिशसाहेब फडक्यासकट धावत रस्ता ओलांडून आले. "अहो, हा काय पोरखेळ! सोडा ट्रक!"

"साहेब, तुमच्या नव्या गाडीलासुद्धा परवा मी हॉर्न वाजवायला लावला होता. तेव्हा तुम्ही हसलात. आता रागावू नका."

एवढ्यात ट्रकच्या मागे एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून मालकीणबाई उतरल्या. मोठ्या मालकांची मुलगी, कारखान्याच्या प्रमुख. "फाटक का अडलंय?"

सगळे एकदम बोलायला लागले. साहेब शिस्तीबद्दल, ट्रकवाला वेळेबद्दल, ब्रेक रंगाबद्दल, काका नियमाबद्दल. बाईंना फक्त "कपाट" एवढाच शब्द धड कळला.

"कपाट?" त्यांनी हात वर केला. "कपाटाचं काय?"

"बाई, ही डबागाडी म्हणजे खरी पहिली टिटवी आहे," ब्रेक म्हणाला. "हॉर्नच्या आजींनी रंगवलेली. कपाटाच्या रंगात. खालचा थर बघा ना!"

"बाई, रंगाचं काय, कोणीही कुठलाही मारू शकतो," साहेब म्हणाले. "पितळी पट्टी आपल्याकडे आहे."

बाई विचारात पडल्या. "रंगावरून मी पट्टी बदलू शकत नाही, बाळ. आणखी काही आहे?"

ब्रेकचा चेहरा पडला. आणखी काही नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "आहे!"

सगळ्यांनी माना वर केल्या. इंडिकेटर कधीच ट्रकवर चढून डबागाडीत जाऊन बसली होती. खिडकीतून तिचं फक्त एक बोट दिसत होतं, ते गाडीच्या आत वळलेलं.

"आपल्या घरच्या कपाटात चोरकप्पा असतो. आजी त्यात माझ्यापासून बिस्किटं लपवते. लॉकरची मागची पाटी दोन्ही अंगठ्यांनी दाबायची आणि डावीकडे सरकवायची. लाल गाडीत तसा कप्पा नाहीये, मी दाबून बघितलं. पण कपाटवाल्यांनी पहिली गाडी केली असेल, तर ते चोरकप्पा केल्याशिवाय राहतील का?"

"अगं, मोटारीत कुठे चोरकप्पा असतो!" साहेब हसले.

आतून खट् असा आवाज आला. मग करकर आवाज करत काहीतरी सरकलं.

"असतो!" इंडिकेटर म्हणाली.

मालकीणबाई साडी सावरत ट्रकवर चढल्या. साहेब चढले, ब्रेक चढला, आणि काकासुद्धा चढले. स्टिअरिंगच्या शेजारी सामान ठेवायचा जो छोटा कप्पा होता, त्याची मागची पाटी सरकली होती. आत वीतभर पत्रा होता, पिवळा-निळा-पांढरा रंग कधीच न लागलेला, स्वच्छ करडा-हिरवा. आणि त्यावर, ओल्या रंगात कोणीतरी दाबलेले अंगठ्यांचे ठसे! एकमेकांना चिकटून, फोटोत दाटीवाटीने उभे राहिल्यासारखे.

सगळे वाकून बघायला लागले. मग साहेब पुटपुटले, "पण हे कोणाचे, कसं कळणार?"

"त्यातला एक माझा आहे."

फाटकाशी आजी उभी होती. हॉर्नने तिला अक्षरशः ओढत आणलं होतं. ट्रकवाल्या दादाने न सांगताच आपलं स्टूल खाली ठेवलं आणि आजीला हात देऊन वर घेतलं. कपाटखात्यात असताना पत्र्याने कापलेली एक आडवी खूण आजीच्या उजव्या अंगठ्यावर होती. एका ठशाच्या मधोमध अगदी तशीच आडवी रेघ होती. आजीने त्या ठशाशेजारी अंगठा धरला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

"आजी!" हॉर्नचा आवाज चक्क बारीक झाला. "हे तुला माहीत होतं? मग आधी का नाही बोललीस? साहेबांच्या तोंडावर सांगितलं असतंस तर!"

"चोरकप्पा सांगायचा नसतो, बाळ. कपाटखात्याची शपथ असते ती. ज्याचं कपाट त्यालाच दाखवायचा, दुसऱ्या कोणालाही नाही. शंभर जणांना सांगितला तर तो चोरकप्पा कसला? मोठे मालक गेले, गाडी भंगारात गेली. मी कोणाला दाखवणार होते?"

"तुम्हाला खोटं ठरवलं तरी नाही सांगितलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

"मला खोटं ठरवलं, ते माझ्यापुरतं. शपथ सगळ्यांची होती." आजीने त्या बाकीच्या ठशांवरून हात फिरवला. "हा आमचा पत्रेवाला. हा कुलूपवाला, याचा अंगठा असा वाकडाच पडायचा. आणि हा भिंतीत घालणारा! गाडी झाली त्या दिवशी आम्ही जेवायलासुद्धा गेलो नव्हतो. नुसते बघत उभे होतो."

आजी हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. हॉर्नने तिचा हात घट्ट धरला. आपल्या आजीचा केवढा अभिमान वाटला तिला! इतका, की तो मावायला वसाहत पुरली नसती.

पॉलिशसाहेबांनी फडक्याने कपाळ पुसलं. "आजी, चुकलो मी. तुम्ही सांगत होतात आणि मी चहा घ्या म्हणालो."

"चहा घेईन की आता," आजी म्हणाली. "आधी गाडी खाली उतरवा!"

गाडी खाली आली. ढकलायला तर कारखान्यातली अर्धी माणसं धावून आली होती. पण फाटकाशी काका पुन्हा आडवे.

"अहो काका! आता तर ती संग्रहालयात चाललीय!" हॉर्न ओरडली.

"म्हणजे फाटकाबाहेरच ना? मग हॉर्न!"

मालकीणबाई हसून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. नियम माझ्या वडिलांचा आहे."

ट्रकवाल्याने आपली बॅटरी काढून दिली. ब्रेकने एकेक तार तीनतीनदा तपासून जोडली आणि आज त्याला कोणीही "लवकर कर" म्हणालं नाही. आजी ड्रायव्हरच्या जागी बसली. तिने बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. तरी नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. आजीने भुवया उंचावल्या, आणि अडकलेलं कपाट उघडावं तशी समोरच्या पत्र्यावर मुठीने एक सणसणीत थाप घातली.

पीं-ईं-ईं-पीं!

बेसूर, घोगरा, अर्धवट गंजलेला तो आवाज सगळ्या आवारात घुमला. कारखान्याच्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकावली. काका खाडकन ताठ उभे राहिले, त्यांनी सलाम ठोकला आणि दांडा वर केला. त्यांचे डोळेसुद्धा काही कोरडे नव्हते, पण ते लपवायला त्यांना मिशा होत्या.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय पाहुण्यांनी फुलून गेलं. लाल टिटवीसमोर पाटी होती, 'दुसरी'. आणि मधोमध चेपलेल्या नाकाची, पोपडे निघालेली पिवळी गाडी एक आकड्याची पितळी पट्टी लावून उभी होती. पॉलिशसाहेबांनी सकाळी फक्त एकदा विचारलं होतं, "थोडंसं चकाकवू का?" आजीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. फडकं खिशात गेलं.

मालकीणबाई भाषणात म्हणाल्या, "ही आमची पहिली गाडी आहे, याचा पुरावा मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. आणि तो शोधला तीन मुलांनी! एकीने माणसं जमवली, एकाने वेळेवर थांबवलं आणि एकीने नेमकं बोट ठेवलं. आम्ही मोठी माणसं पट्टी वाचत बसलो, यांनी गाडी वाचली! असली पोरं असताना या कारखान्याची मला काळजी नाही." टाळ्या थांबेचनात. ब्रेकच्या काकांनी तर टाळ्यांच्या भरात टोपी पाडली.

मग आजीने स्वतः पाहुण्यांना गाडी दाखवली. पत्रा कसा ठोकला, दारं कशी बसवली, रंग कुठून आला, सगळं सांगितलं. एक चष्मेवाले पाहुणे पुढे झाले. "आजी, तो पुरावा म्हणजे नक्की काय? बाई म्हणाल्या तो? गाडीत कुठे आहे?"

काल फाटकावर होते ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काका छताकडे, ट्रकवाला दादा बुटांकडे, पॉलिशसाहेब फडक्याकडे. इंडिकेटरचं बोट सवयीने वर आलं होतं, ते तिने पटकन दुसऱ्या मुठीत कोंबलं.

"सॉरी हं!" तिघं एका सुरात ओरडले. "ते फक्त ज्याची गाडी त्यालाच दाखवतात!"

आजीने तिघांच्या पाठीवर एकेक थाप मारली आणि पुढच्या गाडीकडे वळली.